नावाची ओळ

१

तसबिरी मढवणाऱ्या म्हाताऱ्याचं दुकान सकाळी नऊला उघडायचं. फळ्या काढायच्या, बाकावर फडकं मारायचं, सरसाचं डबडं गरम पाण्यात ठेवायचं आणि मग पहिलं काम हातात घ्यायचं. पन्नास वर्षांत यात फरक पडला नव्हता. हात स्थिर, बोलणं कमी. शेजारचा चष्मेवाला म्हणायचा, "आजोबांचं एक वाक्य पुरं होईपर्यंत माझं गिऱ्हाईक चष्मा घालून घरी पोचतं." म्हातारा हसायचा. त्याचं उत्तर त्याला सुचायचं ते संध्याकाळी, फळ्या लावताना.

आदल्या आठवड्यात शिवणशाळेकडून एकवीस नमुने मढवायला आले होते. या शाळेत पूर्वी प्रत्येक मुलीला एक नमुना करावा लागे. हातभर दोसुती कापड घ्यायचं आणि शिकलेले सगळे टाके त्यावर भरून दाखवायचे. वर मुळाक्षरं, त्याखाली आकडे, मग एक घर, एक झाड, समोरासमोर दोन पाखरं, भोवती वेल. आणि सगळ्यात खाली स्वतःचं नाव. नावाची ओळ शेवटी. बाईंनी काम बघून "बरं झालंय" म्हटल्याशिवाय नाव घालायचं नाही, असा रिवाज होता.

शनिवारी शाळेत हे जुने नमुने मांडायचे होते. मधोमध लागणार होता तो मोठ्या बाईंचा. त्या या महिन्याअखेर निवृत्त होत होत्या. मोठ्या बाई म्हणजे म्हाताऱ्याची एकुलती एक लेक.

वीस नमुने त्याने चार दिवसांत मढवले. लेकीचा मागे ठेवला. चष्मेवाल्याने विचारलं तेव्हा म्हणाला, "घरचं काम शेवटी."

ते काही खरं नव्हतं. चाळीस वर्षं तो नमुना लेकीच्या शाळेतल्या खोलीत, तिच्या खुर्चीच्या मागे टांगलेला होता. त्या खोलीत म्हातारा दोनदाच गेला होता, आणि दोन्ही वेळा त्या भिंतीकडे पाठ करून बसला होता.

मंगळवारी दुपारी त्याने जुन्या चौकटीचे बारीक खिळे उपटले आणि कापड बाहेर काढलं. सवयीने आधी उलटं केलं. मागे किती गाठी, दोरे कुठून कुठे ओढलेत, यावरून मुलगी धांदरट होती का चिकाटीची, ते त्याला कळायचं. इथे एकही गाठ नव्हती. मागची बाजू पुढच्यासारखीच. त्याने ते पटकन सुलटं केलं.

लेकीचं नाव तांबड्या दोऱ्यात, फुलीच्या टाक्यात. तीन अक्षरं. शेजारी एक छोटं फूल. आणि त्या ओळीखाली, जिथे कोरं कापड होतं, तिथे बारीक बारीक भोकं.

२

"कसर लागली," म्हातारा म्हणाला.

चष्मेवाल्याने भिंग डोळ्याला लावलं आणि कापड उन्हात धरायला गेला. म्हाताऱ्याने ते खाली दाबलं. "उन्हात नको. रंग जातो."

"बरं, बाकावर बघतो." तो बराच वेळ वाकून राहिला. "आजोबा, तुमच्या कसरीला कुणी पट्टी घेऊन बसवलं होतं का?"

"का?"

"ओळीत खाल्लंय. आणि खाल्लेलंही नाही हो. एक धागा तुटलेला नाही. नुसते बाजूला सारलेत. ही सुईची भोकं आहेत." त्याने अंगठा फिरवला. "आणि वर उठलीत. म्हणजे मागून पुढे आलेली. कुणीतरी सुईत दोरा ओवायला विसरलं आणि तसंच भरत बसलं."

"जुनं असेल."

"जुनं असतं तर काचेखाली दबून सपाट झालं असतं." चष्मेवाल्याने भिंग खिशात टाकलं. "माझं काम नंबर सांगायचं. चष्मा लावायचा का नाही, ते तुमचं तुम्ही बघा."

तो गेल्यावर म्हाताऱ्याने पसरट ताटलीत कोमट पाणी घेतलं. उसवलेल्या टाक्यांची भोकं कशी बुजवायची, ते त्याला माहीत होतं. कापड भिजवायचं, पालथ्या नखाने आधी उभं घासायचं, मग आडवं, म्हणजे सारलेले धागे आपल्या जागी परत येतात. त्याचं नख आपोआप चालू लागलं. अर्ध्या ओळीत ते थांबलं.

याच कापडावर, याच ओळीपाशी, त्याने हे एकदा केलेलं होतं.

त्याने मान खाली घातली आणि उरलेली भोकं बुजवली. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, तरी कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. कापड वाळत घातलं तेव्हा ते कोरं, स्वच्छ होतं.

बुधवारी सकाळी तिथे दोन ओळी होत्या.

३

त्याने स्वतःची समजूत घातली. म्हातारे डोळे, अधू नजर, काल एकच ओळ दिसली, आज दोन्ही दिसल्या. कापड जुनं, धागे सैल झालेले, पाण्याने आकसले असतील. कारणं होती. पुरेशी होती. त्याने पुन्हा भोकं बुजवली आणि कापड लाकडी ताणावर चढवलं. चारी बाजूंनी दोरीने ओढून घेतलं, इतकं की बोट मारलं तर डफासारखं वाजावं. ताण बाकाच्या टोकाला भिंतीशी टेकवून ठेवला आणि तो काच कापायला बसला.

दुपारी गल्ली शांत असते. काचेवर हिरा फिरतो त्याचा आवाज, तो थांबला की घड्याळाचा. त्यात त्याला तिसरा आवाज ऐकू आला.

टुक.

ताणलेल्या कापडातून सुई वर आली की असाच आवाज होतो. आयुष्यभर शिवणकामाच्या संगतीत काढलेल्या माणसाला तो सांगावा लागत नाही. पण त्याच्या मागोमाग दुसरा आवाज यायला हवा, दोरा ओढल्याचा, सर्र असा. घरात बायको, लेक भरत असायच्या तेव्हा दोन्ही मिळून एक ठेका व्हायचा. टुक, सर्र. टुक, सर्र.

इथे सर्र नव्हतं. टुक. मग थोडी गप्प जागा, दोरा ओढायला लागतो तेवढीच. मग टुक.

लाकूड वाळतंय, तो मनाशी म्हणाला. कापड पाण्यातून निघालंय, दोऱ्या बसतायत. पाल असेल. त्याने मान वळवली नाही. काचेची पट्टी वाकडी कापली गेली, ती त्याने बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. तीही वाकडी गेली.

चष्मेवाला दारात येऊन म्हणाला, "आजोबा, चहा?" आवाज थांबला. चहा पिताना म्हातारा इतका गप्प होता की चष्मेवाला म्हणाला, "आज तर तुम्ही माझंही बोलणं बंद केलंत."

तो गेल्यावर म्हाताऱ्याने जाऊन पाहिलं. तीन ओळी झाल्या होत्या, आणि चौथी सुरू होती.

ताण जरासा कलता करून कापडावर खिडकीचा उजेड घेतला असता तर भोकांतून काय लिहिलंय ते वाचता आलं असतं. त्याने ताण तोंड फिरवून भिंतीकडे केला आणि दुकान लवकर बंद केलं.

४

काय लिहिलं असणार, ते त्याला ठाऊक आहे असं त्याला वाटत होतं. ज्या मुलीचं नाव त्या ओळीत आधी होतं, तिचं नाव.

बायकोच्या मावसबहिणीची ती मुलगी. आई गेल्यावर दोन महिन्यांसाठी म्हणून आली आणि चार वर्षं राहिली. पहिल्या दिवशी तो बायकोला म्हणाला होता, "पाहुणीला वाढ." तेव्हापासून ती पाहुणीच. अंगाने किडकिडीत, कुणाच्या पायात न येणारी. तिला शाळेत घातलं नव्हतं. "आज घालू, उद्या घालू" यातच चार वर्षं गेली. ती खिडकीत बसायची आणि लेक शाळेतून जे शिकून येई, ते तिच्याकडून शिकायची. लेकीने नमुना करायला घेतला तसा तिनेही घेतला, उरलेल्या कापडावर, उरलेल्या दोऱ्यांनी.

शाळेच्या वरच्या वर्गात जायचं तर नमुना दाखवावा लागे. लेकीचा नमुना दोन दिवस आधी बिघडला. घर वाकडं गेलं, पाखरं उसवता उसवता कापड फाटलं. लेक तेरा वर्षांची. रडून रडून तिला ताप भरला. आणि खिडकीत पाहुणीचा नमुना पुरा होऊन पडला होता, नावासकट. अकरा वर्षांच्या मुलीने केलेला. त्याने तसा दुसरा पुढे कधी पाहिला नाही.

फक्त नाव बदलायचं होतं.

ते लेकीला करू देता आलं नसतं. बघणाऱ्याला हात ओळखू येतो. वरचं सगळं एका हाताचं आणि नाव दुसऱ्याचं, हे बाईंच्या नजरेतून सुटलं नसतं. तसबीरवाल्याला हे पक्कं माहीत होतं. म्हणून त्याने पाहुणीला बोलावलं.

ती "का?" म्हणाली नाही. तिने बारीक कात्री घेऊन आपलं नाव उसवलं. त्याने कोमट पाण्यात भोकं बुजवली. मग तिने लेकीचं नाव घालायला घेतलं. तिचं नाव लांब होतं, लेकीचं आखूड.

"काका, जागा उरतेय," ती म्हणाली.

"फूल काढ."

तो तिच्या डोक्याशी उभा होता. तिची मान खाली, पाठीचे मणके दिसत होते. आपण काय करतोय ते त्याला कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच त्याचा तिच्यावर राग निघाला. अक्षर सरळ होतं, तरी तो म्हणाला, "वाकडं झालं. उसव." तिने उसवलं. पुन्हा घातलं. "वाकडंच आहे." तिने पुन्हा उसवलं.

पुढच्या महिन्यात तिचा चुलता येऊन तिला घेऊन गेला. त्यानंतरच्या थंडीत दोन ओळींचं पत्र आलं. तुमच्याकडे होती ती मुलगी तापात गेली.

५

शुक्रवारी सकाळी लेक दुकानात आली. दारातूनच म्हणाली, "बाबा, अजून हा इथंच? बाकीचे भिंतीवर चढलेसुद्धा. मधली जागा मोकळी बघून शिपाई मला विचारतो, इथे घड्याळ लावू का."

"बस."

"बसायला वेळ कुठाय? पाटी रंगवायची आहे, खुर्च्या यायच्या आहेत…"

"बस गं."

ती बसली. तिच्या आवाजाची सवय शाळेला होती. त्याच्या अशा आवाजाची तिलाही नव्हती.

म्हातारा बराच वेळ हातातल्या फडक्याची घडी घालत राहिला. मग म्हणाला, "हा मी मढवत नाही. तुझं नाव काढतो. तिचं घालतो."

तिने कुणाचं ते विचारलं नाही. पंचेचाळीस वर्षं दोघांनी यातलं अक्षर काढलं नव्हतं, पण तिने विचारलं नाही.

"उद्या?" ती म्हणाली. "उद्याच? सगळ्या जुन्या मुली येणार आहेत, बाबा. माझ्या हाताखाली शिकलेल्या. त्यांना मी काय सांगू? मी त्यांना रोज सांगत आले, दुसरीच्या टाक्यावर आपलं नाव घालू नका. त्याच खुर्चीत बसून, डोक्यामागे हे टांगून." तिचा आवाज खाली आला. "मी तो उतरवायला किती वेळा स्टुलावर चढले असेन, माहितीये? मग वाटायचं, उतरवला तर लोक विचारतील, का उतरवला."

"तुझा दोष नाही. तू तापात होतीस."

"तिने नाव घालायला घेतलं त्याआधीच ताप उतरला होता." ती जमिनीकडे बघत होती. "मी जागी होते तेव्हा. मला सगळं ऐकू येत होतं."

म्हाताऱ्याने फडक्याची घातलेली घडी मोडली.

"घाला तिचं नाव," ती म्हणाली. "मी सांगेन त्यांना. काय होईल ते होईल. तसंही चार दिवसच राहिलेत माझे." तिने पदराने नाक पुसलं, आणि मग तिच्या कपाळाला आठी पडली. "बाबा… तिचं नाव काय होतं हो?"

म्हाताऱ्याने तोंड उघडलं.

"आपण पाहुणीच म्हणायचो," ती म्हणाली.

"नाव होतं तिला. लांब होतं. पाच अक्षरं होती."

"कोणती?"

तो आठवू लागला. खिडकी आठवली, कात्री आठवली, ताटलीतलं पाणी आठवलं. तांबडे तुकडे पाण्यावर तरंगत होते तेही आठवलं. अक्षरं आठवेनात. बायकोला माहीत होतं, ती जाऊन अकरा वर्षं झाली. चुलताही गेला. शाळेच्या पटावर ते कधी चढलंच नव्हतं. ते फक्त एका ठिकाणी लिहिलेलं होतं, आणि तिथून ते त्याने नखाने घासून पुसलं होतं.

टुक.

लेकीने मान वर केली. "काय वाजलं?"

"लाकूड," म्हातारा म्हणाला. आणि एवढं होऊनही आपण खोटंच बोललो, हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा ती निघून गेली होती.

६

पण नाव होतं ना. ती स्वतःच रोज लिहीत होती. त्यालाच वाचायचं धैर्य नव्हतं.

दुपारी त्याने ताण उचलला, खिडकीपाशी नेला आणि उजेडासमोर धरला. आता सात ओळी होत्या. एकेका भोकातून उजेडाचा कण येत होता. त्याला वाचायला नेहमीच वेळ लागायचा. पहिलं अक्षर त्याने ओठ हलवत लावलं. मग दुसरं. मग तिसरं. त्यापुढे एक छोटं फूल होतं.

त्याने खालची ओळ वाचली. तिसरी वाचली. सातही वाचल्या.

सगळीकडे लेकीचं नाव होतं. तीन अक्षरं आणि एक फूल, सात वेळा, पट्टीने मारल्यासारखं सरळ.

तेव्हा त्याला त्या दुपारचा शेवट आठवला. तिसऱ्यांदा उसवायला सांगितल्यावर त्याला तिथे उभं राहवेना. जाता जाता तो म्हणाला होता, "मी येऊन बरं झालं म्हणेपर्यंत सुई खाली ठेवायची नाही." आणि तो गेला, बाहेर ओट्यावर बसला, अंधार पडेपर्यंत बसला. तिला तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून आत गेलाच नाही. सकाळी लेक कापड घेऊन शाळेत गेली होती. बरं झालं, असं कुणी म्हटलंच नव्हतं.

त्याने ताण बाकावर उभा केला, भिंतीपासून वीतभर पुढे. बारीक कात्री घेतली आणि लेकीचं नाव उसवायला लागला. एकेक फुली कापायची, चिमट्याने ओढायची. त्याने घाई केली नाही. नाव निघालं. फूल निघालं. ओळ मोकळी झाली. मग त्याने नव्या तांबड्या लडीतला दोरा काढला. सुईत ओवायला त्याला सहा खेपा लागल्या. ओळीच्या सुरुवातीला त्याने सुई टोचली आणि अर्धी आत घालून सोडली.

"बरं झालं होतं," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, मोठ्याने. "पहिल्यांदा घातलंस तेव्हाच बरं झालं होतं, बाळ. मी खोटं बोललो. आता तुझं नाव घाल. तुझं स्वतःचं. मला आठवत नाही, तू घाल."

दुकानात घड्याळ चालू होतं. सुई तशीच, अर्धी आत, अर्धी बाहेर.

मग ती आत ओढली गेली.

सर्र.

त्याने ताणाच्या मागे पाहिलं. कापड होतं, वीतभर मोकळी जागा होती, भिंत होती. पुढून तांबडा दोरा आत जात होता आणि मागे काहीच बाहेर येत नव्हतं. तो पुन्हा पुढे आला. मागे बघू नये असं त्याला वाटलं, कुणी कपडे बदलत असताना नजर वळवावी तसं.

टुक, सर्र. टुक, सर्र. पंचेचाळीस वर्षांनी पुरा ठेका.

पहिली उभी रेघ झाली. तिला जोडून वळण आलं. म्हातारा ओठ हलवत होता, अक्षर लावत होता, आणि त्याच्या छातीत जे काही वर आलं होतं त्याला आशा म्हणावं लागेल. पाच अक्षरं. पहिलं मिळालं की बाकीची आठवतील.

पहिलं अक्षर पुरं झालं. ते त्याच्या ओळखीचं होतं.

दुसऱ्याला सुरुवात झाली तेव्हाच त्याला कळलं, तरी तो बघत राहिला. दुसरं. तिसरं. मग फुलाची पहिली पाकळी. फूल पुरं झालं आणि सुई थांबली. घालायला दुसरं नाव तिच्याकडेही नव्हतं.

फुलाशेजारी कापड जरासं पुढे आलं. एका छोट्या बोटाच्या टोकाएवढं. मोठं माणूस काय म्हणतंय ते ऐकायला मूल जवळ सरकतं, तसं ते तिथे टेकून राहिलं.

बरं झालं, म्हणायला हवं होतं. तेवढ्याने ती सुटली असती कदाचित. पण तिथे लेकीचं नाव होतं, आणि त्याला बरं म्हणणं म्हणजे ती दुपार पुन्हा करणं. वाकडं झालं, असंही त्याला म्हणवेना. त्याने हात पुढे केला, त्या टोकापर्यंत नेला आणि लावला नाही. तो मान खाली घालून उभा राहिला.

ती बराच वेळ थांबली.

मग फुगवटा मागे गेला. फुलातली शेवटची फुली सैल झाली, दोरा अलगद मागे ओढला गेला, आणि एकेक करून ती उसवू लागली.